दुर्गे मॅडमचा खिळा

तुमची मुलगी ज्या छताखाली रोज झोपते, ते छत कुणी तपासलं, हे तुम्ही आजवर एकदा तरी विचारलंय का?

नसेल विचारलं. वसतिगृहात भात कसा मिळतो ते आपण विचारतो, गृहपाल बाई तापट आहे का ते विचारतो, संडासाला दार आहे का तेही विचारतो. छताचं विचारत नाही. छत आभाळासारखं आपोआप वर आलेलं असतं, असं आपण धरून चालतो.

ते आपोआप येत नाही. त्याच्यामागे एक ठेकेदार असतो, एक कार्यालय असतं, आणि आमच्यासारख्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजचा स्थापत्य विभाग असतो, जिथे त्या छताच्या काँक्रीटचे नमुने तपासायला येतात आणि चहा संपायच्या आत पास होतात. चंद्रपूरकडच्या त्या विभागात मी शेवटच्या वर्षाला होतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही. भीती म्हणून नाही. नाव लिहिलं की तुम्ही म्हणाल, ते एक कॉलेज वाईट निघालं, आणि बाकीचे सगळे सुटतील.

त्या विभागात दुर्गे मॅडम होत्या.

उंची बेताची, आवाज खणखणीत, सुती साडीवर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट. लॅबच्या दाराशी खुंटीवर तो शर्ट असायचा. सिमेंट लागून लागून त्याची बाही ताठ झाली होती, आणि खिशात कायम एक लांब खिळा. माहेर गोंडपिपरी तालुक्यातलं, घरातल्या पहिल्या इंजिनिअर. विभागात त्या इतकी वर्षं होत्या की नवे प्राध्यापक त्यांनाच विभागप्रमुख समजून नमस्कार करायचे. पण त्या कायम नव्हत्या. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक महिना कुणीच नाही, मग पुन्हा अकरा महिन्यांची ऑर्डर. दर जूनमध्ये त्या बेकार व्हायच्या आणि दर जुलैमध्ये पुन्हा मॅडम.

त्या वर्षी मॅडमच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला आम्ही तयारीनं गेलो होतो. तयारी म्हणजे सीनियरकडून रीडिंग आणलेलं. आमच्या विभागाची ही रीतच होती. प्रयोग करायचा नाही, वरच्या वर्गाचे आकडे घ्यायचे, शेवटचा अंक थोडा हलवायचा आणि लिहून टाकायचे. वरच्यांनी त्यांच्या वरच्यांकडून घेतलेले. काही आकडे आमच्यापेक्षा वयानं मोठे असतील.

मॅडमनी एकेकाकडे पाहिलं. आधी दोघांना बाहेर पाठवलं, कारण त्यांच्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. "थुकून या, चूळ भरून या, मंग क्यूबले हात लावा. पोट्ट्याईनं मागच्या वर्षी पान्याच्या टाकीत थुकलं होतं."

क्यूब म्हणजे वीतभर लांबी-रुंदी-उंचीचा काँक्रीटचा ठोकळा. छत भरताना त्याच मालातून लोखंडी साच्यात असे ठोकळे भरायचे, चार आठवडे पाण्यात ठेवायचे आणि मग मशीनमध्ये दाबून फोडायचे. किती जोराला फुटला त्यावरून वरचं छत किती पेलेल ते कळतं. एवढीच ती विद्या. एवढ्याच विद्येवर तुमची मुलगी झोपते.

त्या दिवशी मॅडमनी आमच्याकडून काँक्रीट कालवून घेतलं, साचे भरून घेतले, आणि खिशातला खिळा काढून प्रत्येकाच्या हातात दिला. ओल्या ठोकळ्यावर स्वतःचं नाव कोरायचं. एक जण म्हणाला, नंबर टाकला तर नाही का चालणार? मॅडम म्हणाल्या, "नंबर कोनाचाबी असते. नाव कोरलं की लाज वाटते."

चार आठवड्यांनी आपलं नाव असलेला ठोकळा फुटताना पाहणं ही काय चीज आहे, ते सांगून कळणार नाही. माझा लवकर फुटला. मॅडमनी तुकडा हातात दिला. आतली गिट्टी अख्खीच्या अख्खी सुटून आली होती, उकडलेल्या शेंगेतून दाणा यावा तशी. शेजारच्या मुलीच्या ठोकळ्यात गिट्टी स्वतः मधोमध चिरली होती. "पाह्य," त्या म्हणाल्या, "इथी सिमेंटानं गिट्टीले असं धरलं, का गिट्टी फुटली पन सुटली नाई. तुह्यात कोनीच कोनाले धरून नाई."

मग माझ्याकडे बघून हसल्या. मी आदल्या आठवड्यात कॉलेजच्या फाटकावर एकजुटीचं पत्रक चिकटवलं होतं, ते त्यांनी वाचलं होतं. माझे वडील खाणीतल्या युनियनचे, आमच्या घरात भिंतीला रंग कमी आणि उरलेली पत्रकं जास्त. त्या दिवसापासून मॅडमनी मला नावानं हाक मारली नाही. क्रांतिकारी म्हणायच्या.

शेजारची ती मुलगी म्हणजे रोशनी मडावी. ती डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आली होती, आमच्यापेक्षा खालच्या वर्गात, पण मॅडमच्या लॅबमध्ये वर्ग पाहिला जात नसे. ती आली त्याची गोष्ट अशी.

जुलै लागला की आमच्या विभागात शिकवणं सुरू होत नाही, विद्यार्थी पकडणं सुरू होतं. रिकाम्या जागा भरल्या नाहीत तर वर्ग बंद पडतो, म्हणून प्राध्यापकांना गावं वाटून दिली जातात. डॉक्टरेट झालेली माणसं मोटरसायकलवर माहितीपत्रकं घेऊन पोंभुर्ण्यापासून एटापल्लीपर्यंत दारोदार फिरतात. शंभर टक्के नोकरी, असं त्या माहितीपत्रकावर छापलेलं असतं, खाली टाय घातलेल्या मुलांचे फोटो. ते फोटो आमच्या मुलांचे नव्हते. कुठल्या देशातले होते देव जाणे.

कायम नसलेल्या बाईला सगळ्यात लांबची गावं. मॅडमना गडचिरोलीच्या आतलं जंगल मिळालं. रोशनीच्या घरी अंगण रिकामं होतं, माणसं धानाच्या रोवणीला गेली होती, तिचे वडील तेवढे पाय दुखतो म्हणून घरी होते. त्यांनी माहितीपत्रक उलटंपालटं केलं आणि विचारलं, पोरीले नोकरी लागन का? रोशनीनं हे सगळं मला पुढे सांगितलं. मॅडमनी म्हणे माहितीपत्रकावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "नोकरीचं मले माहीत नाई जी. मलेच पक्की नाई लागली. या कागदावर लिवलं ते खोटं हाय. पन मी हाय तोपर्यंत हिले शिकवीन, अन् खरं शिकवीन."

त्या वर्षी त्या भागातून एवढी एकच मुलगी आमच्या विभागात आली. इतरांनी ट्रॅक्स जीप भरभरून मुलं आणली. विभागाच्या बैठकीत मॅडमना उभं करून विचारलं गेलं, तुमच्या नावापुढे एकच कसा? मागून कुणीतरी पुटपुटलं, कोट्यातून आलेल्यांकडून काय अपेक्षा करायची. पुटपुटणाऱ्याला ऐकू जावं एवढ्याच आवाजात मॅडम म्हणाल्या, "कोट्यातली हाय, म्हनून सगळं दोनदा तपासतो आमी. तुमी एकदा तरी तपासत जा."

हे वाक्य मला माझ्या सगळ्या पत्रकांपेक्षा जड वाटतं. त्यात एकही विशेषण नाही.

हिवाळ्यात तपासणी समिती येणार होती. तपासणी म्हणजे आमच्या विभागाचं लग्नघर. भिंतींना रंग, कुंड्यांना गेरू, बंद मशीनला ऑइलपेंट. क्यूब दाबायचं मशीन आमच्याकडे होतं आणि चालू होतं, कारण बाहेरच्या तपासण्या त्यावर यायच्या आणि कॉलेजला त्यातून मिळकत होती. पण लोखंडी सळई ओढून तोडायचं जे मोठं मशीन प्रत्येक स्थापत्य विभागात असावं लागतं, ते नव्हतंच. आमच्या आधीच्या कित्येक तुकड्यांनी ते फळ्यावरच्या चित्रात पाहून पदवी घेतली होती. आता ते संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजातून ट्रकवर घालून आणलं गेलं. क्रेन लावून उतरवलं. त्याच्यावरची दुसऱ्या कॉलेजची पट्टी खरडून आमची चिकटवली.

विभागप्रमुखांनी लॅबला कुलूप लावायला सांगितलं. समिती येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, बोटांचे ठसे उमटतील. मॅडमनी किल्ली घेतली, हो म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळ्या वर्गांना आळीपाळीनं आत घेतलं. "दोन दिवसाची पाव्हनी हाय," त्या म्हणाल्या, "जेवढं बोलून घ्याचं तेवढं बोलून घ्या हिच्याशी." आम्ही सळया तोडल्या. एकामागून एक. सळई तुटण्याआधी मधे बारीक होत जाते, कंबर पडल्यासारखी, आणि मग बंदुकीसारखा आवाज होतो. हे आम्ही पुस्तकात वाचून परीक्षेत लिहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मागची पोरं बाकावर चढली.

समिती आली तेव्हा लॅबमध्ये धूळ, तेलाचे हात, सळयांचे तुकडे. विभागप्रमुखांचा चेहरा राखेसारखा. आणि समितीतले ज्येष्ठ गृहस्थ खूश झाले. म्हणाले, इतर ठिकाणी मशीन शोपीस असतात, इथे लॅब वापरात दिसते. विभागप्रमुखांनी मान लववून ते कौतुक स्वतःच्या खिशात घातलं.

क्रेन पुन्हा आली. ट्रक निघाला तेव्हा मॅडम आम्हाला घेऊन फाटकापर्यंत गेल्या. "चाला रे, पोरगी सासरी चालली." सगळे हसले. मॅडमही हसल्या, पण ट्रक वळणाआड गेल्यावर त्यांनी शर्टाच्या ताठ बाहीनं तोंड पुसलं आणि लॅबमध्ये गेल्या. मशीनच्या जागी फरशीवर चार भोकं राहिली होती. ती अजून आहेत. मला विचाराल तर त्या विभागाची खरी इमारत तेवढीच.

मग फेब्रुवारी आला, आणि एका जीपमधून ठोकळे आले.

गडचिरोलीच्या आतल्या भागात आश्रमशाळेच्या मुलींसाठी वसतिगृह बांधलं जात होतं. त्याच्या पहिल्या स्लॅबचे ते नमुने. ठेकेदाराचा माणूस, सगळे त्याला बबलूभाऊ म्हणायचे, तो कागद घेऊन आला होता. अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं असे. मशीन चालू करायचं, एखादा ठोकळा फोडायचा किंवा तोही नाही, आणि शिक्का मारायचा. बबलूभाऊंनी सोबत कचोरी आणली होती.

मॅडमनी सगळे फोडायला लावले. मी आणि रोशनी मशीनवर होतो. काटा चढत गेला, हवं होतं तिथे पोचला, तिथून पुढे गेला, आणि पुढेच जात राहिला. बबलूभाऊ हसत होते. ठोकळे फुटले तेव्हा आकडा मागणीच्या जवळजवळ दुपटीला होता. सगळ्यांचा. जणू एकाच आईची लेकरं.

मॅडमनी तुकडा उचलून उन्हात नेला. आत रेती पिठासारखी चाळलेली, गिट्टी निवडून एकसारखी. त्यांनी बबलूभाऊंना विचारलं, साइटवर रेती कोण चाळतं? ते म्हणाले, मजूर. मॅडम म्हणाल्या, जंगलात एवढा मोठा स्लॅब भरताना तुमचे मजूर रेती पिठाच्या चाळणीनं चाळतात का?

"मॅडम, काऊन त्रास घेऊन राह्यल्या जी," बबलूभाऊ म्हणाले, "पास झाली ना? डबल पास झाली."

"हे साइटची क्यूब नाई भाऊ," मॅडम म्हणाल्या. "हे घरी पाळलेली क्यूब हाय."

हीच त्यांची चूक. खोटे ठोकळे करणाऱ्यानं ते थोडे कमी पक्के केले असते तर कुणाच्या लक्षात आलं नसतं. पण गोदामाच्या मागे बसून, सिमेंट हात सोडून घालून, लाडानं ठोकळे वाढवणाऱ्याला वाटतं की जितकं पक्कं तितकं बरं. त्याला माहीत असतं की तपासणारा कधी तपासत नाही. त्यामुळे किती खोटं बोलायचं, याचा अंदाजच त्याला उरलेला नसतो.

विभागप्रमुखांनी मॅडमना बोलावलं. आम्ही दाराबाहेर होतो, दार उघडं होतं. ते म्हणाले, मॅडम, जगात पहिल्यांदाच कुणी मजबूत आहे म्हणून नापास होतंय. मॅडम म्हणाल्या, "सर, शंभरच्या पेपरात पोट्टा एकशे दहा घेऊन आला, तर तुमी सत्कार कराल का चौकशी कराल?"

त्यांनी शिक्का मारला नाही. पुढचा स्लॅब भरताना मी स्वतः येईन, माझ्यासमोर क्यूब भरा, असं कागदावर लिहून दिलं. कुणालाच वाटलं नव्हतं की त्या खरोखर जातील. मार्चमध्ये एका सकाळी त्या रोशनीला आणि मला घेऊन एसटीत बसल्या. मांडीवर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेले लोखंडी साचे.

साइटवर मिक्सर फिरत होता. वसतिगृहाला लागूनच जुनी आश्रमशाळा, आणि तिच्या कौलारू व्हरांड्यात मुली रांगेनं बसून जेवत होत्या. त्यातली एक उठून रोशनीकडे धावत आली. तिची धाकटी बहीण, आठवीतली. नवीन इमारत झाली की खाट मिळणार, असं ती सांगत होती. वरच्या मजल्यावर खिडकीजवळची खाट तिनं आधीच ठरवून ठेवली होती.

मॅडमनी चालत्या मिक्सरमधून माल घेतला. बबलूभाऊ दुसऱ्या घमेल्यातला द्यायला लागले, तो त्यांनी बाजूला सारला. माल पाण्यासारखा पातळ होता, फावड्यावर ठरत नव्हता. साचे भरले. मॅडमनी खिसा चाचपला आणि खिळा रोशनीला दिला. रोशनीनं नाव कोरलं. स्वतःचं नाही, बहिणीचं.

ते ठोकळे चार आठवडे आमच्या टाकीत होते. त्या चार आठवड्यांत विभागाचा रंग बदलला. मॅडमशी चहाला कुणी बसेना. वेळापत्रकातून त्यांचे तास कमी झाले. लॅबची दुसरी किल्ली करून विभागप्रमुखांकडे ठेवली गेली, म्हणून रोशनी रोज सकाळी टाकीत हात घालून बहिणीचं नाव बोटानं चाचपून यायची. ठोकळा तोच आहे ना, एवढं पाहायला. मी हे लिहितोय आणि माझी कानशिलं तापतायत. शिकायला आलेल्या पोरीला आपल्याच विभागात राखण करावी लागत होती.

एप्रिलमध्ये ते फोडले. मॅडम त्या दिवशी माहेराहून टेंभरं घेऊन आल्या होत्या, तेंदूची पिकलेली पिवळी फळं, प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी मशीनवर ठेवली होती. काटा चढला, हवं होतं त्याच्या निम्म्याला कसाबसा पोचला, आणि बहिणीचं नाव मधून दुभंगलं. आवाजसुद्धा नीट झाला नाही. मी तुकडा उचलला. गिट्टी अख्खी सुटून हातात आली. रोशनीनं नाव असलेले तुकडे आपल्या पिशवीत घातले. टेंभरं कुणी खाल्ली नाहीत.

मॅडमनी अहवाल लिहिला. नापास. विभागप्रमुख स्वतः लॅबमध्ये आले. ते काही राक्षस नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे, कारण राक्षस असते तर माझं काम सोपं झालं असतं. घाम फुटलेला, घाबरलेला माणूस होता तो. म्हणाला, वरून फोन आलाय, पहिल्याच क्यूबवर अहवाल द्या म्हणतात. तुमची ऑर्डर जूनमध्ये संपते. मी काय करू मॅडम, मला दोन मुली आहेत.

मॅडम टाकी पुसत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"तिथीबी पोरीच राह्यतीन, सर."

अहवाल दोन निघाले. एक मॅडमचा, एक विभागप्रमुखांच्या सहीचा. कार्यालयात कुठला गेला ते तुम्हाला सांगायला नको.

मी त्या संध्याकाळी पत्रक लिहिलं. आग होती नुसती. ठेकेदार चोर, विभागप्रमुख दलाल, व्यवस्था नरभक्षक. मॅडमनी ते लॅबच्या ओट्यावर पसरून वाचलं आणि ओळीमागून ओळ खोडत गेल्या. "हा चोर हाय का नाई, मले माहीत नाई. काँक्रीट कच्चं हाय, ते मले माहीत हाय. तेवढंच लिव." मी म्हणालो, राग कुठे गेला मग यातून? त्या म्हणाल्या, "राग क्यूबमंधी हाय. लोकाईले क्यूब दाखव."

पत्रकात शेवटी चार वाक्यं उरली, आणि खाली दुर्गे मॅडमचं नाव. रोशनीनं ते आश्रमशाळेजवळच्या आठवडी बाजारात वाचलं, आधी मराठीत, मग गोंडीत. वाचून झाल्यावर पिशवीतून दुभंगलेला ठोकळा काढला आणि बायांच्या हातात दिला. एका म्हातारीनं अंगठ्यानं गिट्टी उकरून काढली, शेजारणीला दिली. गिट्टी हातोहात बाजारभर फिरली. कुणी घोषणा दिली नाही. पुढच्या आठवड्यात पालकांनी सांगून टाकलं की आमच्या मुली जुन्या कौलाखालीच राहतील, त्या स्लॅबखाली एकही जाणार नाही. गावातली कुणी बाई साइटवर पाणी मारायला जाईना. शेवटी दुसऱ्या जिल्ह्यातून तपासणारे आले, दोन्ही स्लॅबना भोकं पाडून आतलं काँक्रीट काढून नेलं. जेवढं कच्चं निघालं तेवढं पावसाळ्यानंतर फोडलं आणि पुन्हा भरलं. या वेळी बाया दिवसभर मिक्सरपाशी उभ्या होत्या.

जिंकलो, म्हणाल. थांबा.

ठेकेदाराला शिक्षा झाली नाही. त्याला वरोऱ्याकडे दुसरं काम मिळालं. बबलूभाऊंची जीप अजून धावते. विभागप्रमुख अजून विभागप्रमुख आहेत. आणि त्या जुलैमध्ये वेळापत्रक लागलं तेव्हा त्यात दुर्गे मॅडमचं नाव नव्हतं. काढलं असंही कुणी म्हटलं नाही. ज्याची ऑर्डर संपते त्याला काढावं लागत नाही. तो शर्ट बरेच दिवस खुंटीवर होता. मग शिपायानं त्या शर्टानंच मशीन पुसलं.

यापुढचं ऐका. रोशनी तेव्हा तिसऱ्या वर्षाला होती, तिनं फोटो काढून मला पाठवला. पुढच्या तपासणी समितीसाठी विभागाच्या व्हरांड्यात मोठा फ्लेक्स लागला होता. 'विभागाचे सामाजिक योगदान.' त्यात त्या वसतिगृहाचा फोटो, दुभंगलेल्या ठोकळ्याचा फोटो, आणि खाली ओळ, की आमच्या प्रयोगशाळेच्या दक्षतेमुळे आदिवासी विद्यार्थिनींचे प्राण वाचले. मधोमध विभागप्रमुख. साइटवर काढलेला जो फोटो वापरला होता, त्यातून मॅडमना कापलं होतं. नीट कापता आलं नव्हतं. रोशनीच्या खांद्याजवळ सिमेंटनं ताठ झालेल्या शर्टाची एक बाही राहून गेली होती.

समितीनं त्या उपक्रमाला चांगले गुण दिले, असं कळलं.

मॅडम मला शेवटच्या दिसल्या त्या गोंडपिपरीच्या बसस्टँडवर, याच उन्हाळ्यात. आता त्या तिथेच राहतात, घरी पॉलिटेक्निकच्या मुलांना गणित शिकवतात. मी कामासाठी गेलो होतो. त्या फलाटाशी उभ्या, खांद्याला पोत्याची पिशवी, पिशवीनं खांदा एका बाजूला ओढलेला. बाजारातली ती गोष्ट गावोगाव गेली होती, आणि आता कुणाच्या गावात शाळेची खोली किंवा अंगणवाडी भरायची असली की कुणीतरी त्यांना फोन करतं. त्या जातात. त्यांना कुणी नेमलेलं नाही. अकरा महिन्यांसाठीसुद्धा नाही.

कंडक्टरनं पिशवी उचलायला हात लावला आणि दचकला. बाई, यात काय हाय एवढं? मॅडम म्हणाल्या, डबा. रिकामा? रिकामाच, त्या म्हणाल्या, भरून आनाले चालली.

मग मी दिसलो. म्हणाल्या, "काय क्रांतिकारी, खिळा हाय का खिशात?"

माझ्या खिशात पेन होतं. त्यांनी ते पाहिलं, मान हलवली.

"पेन वल्या सिमेंटात चालत नाई रे," म्हणाल्या आणि गाडीत चढल्या. खिडकीशी बसल्या, लोखंडी साच्यांची ती पिशवी मांडीवर घेतली, दोन्ही हात तिच्याभोवती. गाडी धुरळ्यात गेली.

म्हणून मी हे पेनानं लिहिलं असलं तरी मागणं पेनाचं नाही. तुमच्या गावात शाळेचा, वसतिगृहाचा, दवाखान्याचा स्लॅब ज्या दिवशी भरायचा असेल, त्या दिवशी एक रोज बुडवा आणि तिथे जा. साचा साइटवर ठेवणं ठेकेदाराचं काम आहे, तो मागा. चालत्या मिक्सरमधला माल तुमच्यासमोर भरायला लावा, दुसऱ्या घमेल्यातला घेऊ नका. त्या ठोकळ्यावर तुमच्या मुलीचं नाव स्वतःच्या हातानं कोरा. चार आठवडे तो तुमच्या घरी पाण्यात ठेवा, आणि मग तपासायला घेऊन जा, आणि फुटेपर्यंत तिथून हलू नका.

घरातून निघताना एक खिळा तेवढा खिशात टाका.